जे-१ ट्रेनी व्हिसा: हॉटेल मॅनेजमेंटनंतर अमेरिकेत एक वर्षाचं ट्रेनिंग, कागद आणि बीकेसीतली मुलाखत

पल्लवी_गिरगाव

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय. त्याचं मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी स्टडीज झालंय, निकाल लागून दीड वर्ष होत आलं. एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी (ज्युनिअर शेफ) म्हणून पूर्णवेळ नोकरी करतोय, त्याला चौदा महिने झाले. फ्लोरिडातल्या एका रिसॉर्टनं व्हिडिओवर मुलाखत घेऊन बारा महिन्यांच्या कलिनरी ट्रेनिंगसाठी निवड केली आहे. त्यासाठी जे-१ हा एक्सचेंज व्हिसा लागतो, आणि त्यात इंटर्न, ट्रेनी अशा वेगवेगळ्या कॅटेगरी असतात.

इथला कन्सल्टंट म्हणतो, "इंटर्नमध्ये टाकू, पटकन होतं." फी साडेतीन लाख, त्यात मेडिकल, पोलीस क्लिअरन्स सगळं आलं म्हणे. रिसॉर्टनं ट्रेनिंगचा जो आराखडा पाठवलाय त्यात बाराही महिने "लाइन कुक, मेन किचन" एवढंच आहे. माझे प्रश्न:

इंटर्न की ट्रेनी? कागद कुठल्या क्रमानं होतात? असा आराखडा चालेल का? आणि हे करून आल्यावर दोन वर्षं अमेरिकेला जाता येत नाही, हे खरं का?

---

माटुंगा_पूर्व

पल्लवीताई, कॅटेगरीचं आधी बघू, कारण तिथे चूक झाली तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

इंटर्न म्हणजे जो अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात अजून शिकतोय, किंवा ज्याचं शिक्षण संपून कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेपर्यंत १२ महिने उलटलेले नाहीत. भावाला दीड वर्ष होत आलं म्हणजे तो दरवाजा बंद आहे. कन्सल्टंट पासिंगची तारीख इकडेतिकडे करून बसवू म्हणत असेल तर तिथेच थांबा. मार्कशीटवरची तारीख स्पॉन्सर बघतो, कॉन्सुलेटही बघतो, आणि खोटी माहिती दिल्याचा शिक्का एकदा बसला की पुढच्या प्रत्येक व्हिसाला तो आडवा येतो.

ट्रेनीसाठी दोन रस्ते आहेत. पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्याच क्षेत्रातला अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव. नाहीतर पदवी नसताना त्याच क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव. भाऊ पहिल्या रस्त्यात व्यवस्थित बसतो. कॉलेजातलं इंडस्ट्रियल ट्रेनिंग या एका वर्षात धरून चालू नका. चौदा महिन्यांची नोकरी आहे, तीच पुरेशी आहे.

मुदतीबद्दल: ट्रेनीला सर्वसाधारण १८ महिने मिळू शकतात, पण हॉटेल आणि पर्यटन क्षेत्रात मर्यादा १२ महिनेच. "तिकडे गेल्यावर सहा महिने वाढवून देतील" असं कुणी म्हणालं तर ते या क्षेत्राला लागू नाही.

आता कोण कोण असतं ते. रिसॉर्ट म्हणजे होस्ट, जिथे शिकायचं ती जागा. स्पॉन्सर वेगळा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली संस्था असते ती, आणि डीएस-२०१९ हा मूळ कागद फक्त तीच देऊ शकते. रिसॉर्ट देत नाही, अंधेरी-दादरचा कन्सल्टंट तर नाहीच. त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारा: स्पॉन्सर कोण? नाव मिळालं की परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावर मान्यताप्राप्त स्पॉन्सरांच्या यादीत ते "ट्रेनी" कॅटेगरीखाली शोधा.

क्रम असा. होस्टची निवड, मग स्पॉन्सरकडे अर्ज आणि त्यांची मुलाखत (इंग्रजीही इथेच तपासलं जातं), मग डीएस-७००२ म्हणजे ट्रेनिंगचा आराखडा, त्यावर तिन्ही पक्षांच्या सह्या, मग डीएस-२०१९. त्यावर एन-नं सुरू होणारा सेव्हिस (अमेरिकन सरकारची विद्यार्थी-प्रशिक्षणार्थींची नोंदप्रणाली) क्रमांक असतो. तो हातात आल्यावर आय-९०१ म्हणजे सेव्हिसची फी, डीएस-१६० म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, व्हिसा फी, अपॉइंटमेंट. डीएस-२०१९ यायच्या आधी विमानाचं तिकीट काढायचं नाही, नोकरीचा राजीनामा तर व्हिसा पासपोर्टवर चिकटून येईपर्यंत द्यायचा नाही.

दोन वर्षांची गोष्ट. लोक दोन वेगळे नियम एकत्र करतात. एक म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ई): काही जणांना कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच किंवा एल (नोकरीचे) व्हिसा, ग्रीन कार्ड मिळत नाही. भारतातले बरेच जण यात अडकायचे ते "स्किल्स लिस्ट"मुळे, म्हणजे कुठल्या देशाला कुठली कौशल्यं परत हवीत त्या यादीमुळे. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या यादीत भारत नाही. त्यामुळे सरकारी पैशावर गेलेले आणि वैद्यकीय पदवीनंतरचं प्रशिक्षण घेणारे सोडले तर आपल्याकडच्या ट्रेनीला हा नियम आता लागत नाही. आणि लागायचा तेव्हाही पर्यटक म्हणून जायला बंदी नव्हतीच.

दुसरा नियम मात्र आहे: एकदा ट्रेनी म्हणून कार्यक्रम पूर्ण केला की पुन्हा ट्रेनी व्हायला दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. भावानं हे लक्षात घेऊन होस्ट निवडावा, कारण लगेच दुसरी संधी नाही.

---

फोडणी_आणि_फॉन्ड

आराखड्याबद्दल मी लिहितो. "लाइन कुक, मेन किचन, १२ महिने" हा आराखडा अजिबात चालणार नाही, आणि स्पॉन्सरनं डोळे झाकून पुढे पाठवला तरी भावानं तो घेऊन बीकेसीतल्या कॉन्सुलेटला मुलाखतीला जाऊ नये. या व्हिसाचा सगळा डोलारा डीएस-७००२ वर उभा आहे. ट्रेनिंगच्या नावाखाली रिसॉर्टला स्वस्तात माणूस हवाय की खरंच शिकवायचंय, हे अधिकारी त्याच कागदावरून ठरवतो.

नियम स्पष्ट आहेत. हॉटेल क्षेत्रातला कार्यक्रम सहा महिने किंवा जास्त असेल तर किमान तीन विभागांत किंवा तीन वेगवेगळ्या कामांत फिरवणं सक्तीचं आहे. आठवड्याला किमान ३२ तास. कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. अकुशल काम अजिबात नाही. नियमांच्या 'ई' परिशिष्टात अकुशल कामांची यादीच आहे. बारटेंडर, हॉटेलातला क्लार्क, खोल्या साफ करणारे, किचन वर्कर, शॉर्ट ऑर्डर कुक, सगळे त्यात आहेत. त्यामुळे "लाइन कुक" हा शब्द शीर्षकात आला की तपासणारा आधी त्या यादीकडे बघतो.

फॉर्ममध्ये प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं पान असतं. टप्प्याचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, त्या टप्प्याचा पर्यवेक्षक आणि त्याची पात्रता, ट्रेनीची भूमिका, उद्दिष्टं, कोणती कौशल्यं शिकवणार, कशी शिकवणार, ती आली की नाही हे कसं मोजणार, शिवाय सांस्कृतिक उपक्रम. यातली "कशी शिकवणार" आणि "कसं मोजणार" हे दोन रकाने होस्ट हमखास कसेतरी भरून टाकतात. चारही टप्प्यांत तेच वाक्य कॉपी-पेस्ट केलेलं असतं. स्पॉन्सर परत पाठवतो ते यामुळेच.

बारा महिन्यांची किचनची मांडणी साधारण अशी व्हायला हवी:

पहिले तीन महिने गार्ड मांजे (थंड पदार्थांचा विभाग): कोल्ड सॉस, टेरीन, चारक्युटरी, कोल्ड बुफेची मांडणी, आणि सोबत तिथल्या अन्नसुरक्षेचे नियम, तापमानाच्या नोंदी.

पुढचे तीन हॉट लाइन: सॉते, ग्रिल, सॉस. इथे नुसतं "डिश बनवणे" लिहू नये. ऑर्डरची चिठ्ठी आल्यापासून तयार प्लेट पासवर (वाढप्यांच्या काउंटरवर) जाईपर्यंतची वेळ कशी सांभाळायची, स्टेशनचा मीज-आं-प्लास (आधीची तयारी आणि मांडणी) कसा आखायचा, असं लिहावं.

मग तीन महिने बँक्वेट: चारशे-पाचशे जणांच्या जेवणाचं प्रॉडक्शन शेड्यूल, ब्लास्ट चिलिंग (शिजवलेलं झटकन थंड करणं), पुन्हा गरम करणं, इव्हेंट ऑर्डर वाचणं.

शेवटचे तीन महिने किचन व्यवस्थापन: रेसिपी कॉस्टिंग, यील्ड टेस्ट, खरेदी आणि इन्व्हेंटरी, मेन्यू इंजिनिअरिंग, ज्युनिअरच्या पाळ्या लावणं. कागदी काम इथे येतं, पण एका टप्प्यापुरतं, त्यामुळे २० टक्क्यांची मर्यादा संभाळता येते.

चढण दिसली पाहिजे. शेवटच्या टप्प्यातलं काम पहिल्याच टप्प्यात करता आलं असतं असं वाटलं तर ते ट्रेनिंग नाही. मोजमापही ठोस असू द्या: "शेफ निरीक्षण करतील" यापेक्षा "टप्प्याच्या शेवटी दिलेल्या बजेटमध्ये चार कोर्सचा मेन्यू कॉस्ट करून सादर करणे" हे कितीतरी बरं.

आणि जे भाऊ इथे रोज करतो तेच तिकडे पुन्हा नको. तो इथे कॉमी म्हणून हॉट किचनमध्ये असेल तर आराखड्यातला हॉट लाइनचा भाग छोटा करून बँक्वेट किंवा पेस्ट्री वाढवायला सांगा. ज्याचा अनुभव आधीच आहे तेच काम पुन्हा करायला पाठवायला स्पॉन्सरला मनाई आहे.

होस्टला हे सांगायला लाजू नये. रिसॉर्टचा एचआर बहुतेक वेळा जुना आराखडा नाव बदलून पाठवतो. भावानं स्वतः टप्प्यांचा कच्चा मसुदा करून शेफला मेल केला तर काम आठवड्यात मार्गी लागतं.

---

पल्लवी_गिरगाव

खूप खूप आभार. मसुदा भाऊ आजच करायला बसतोय. अजून एक अडचण: पासपोर्टवर त्याचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये आहे. मार्कशीटवर आडनाव पहिलं आणि शेवटी आईचं नाव. हॉटेलच्या पत्रावर फक्त नाव-आडनाव. यानं काही अडेल का?

---

कुर्ला_सिग्नल

आपल्या मराठी नावांचं हे नेहमीचंच दुखणं, पण सुटणारं. एकच सूत्र: पासपोर्ट हा राजा. डीएस-२०१९, आय-९०१ ची पावती, डीएस-१६०, अपॉइंटमेंट, सगळीकडे पासपोर्टच्या मशीनने वाचायच्या दोन ओळींत जे नाव आहे तेच, त्याच क्रमानं. स्पॉन्सरच्या अर्जात मार्कशीट बघून नाव भरलं तर डीएस-२०१९ चुकीचा छापून येतो आणि दुरुस्तीत दिवस जातात. मार्कशीटवरचं आईचं नाव हे मुंबई विद्यापीठाच्या पद्धतीमुळे आहे, त्यासाठी गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र लागत नाही. नोकरीचं पत्र मात्र एचआरकडून पूर्ण नावानं पुन्हा घ्या, आणि घेतच आहात तर त्यात हे सगळं येऊ द्या: लेटरहेड, रुजू झाल्याची तारीख, "पूर्णवेळ" हा शब्द, पद, कुठल्या सेक्शनला काय काम केलं, सही करणाऱ्याचं पद आणि ऑफिसचा फोन. "टू हूमसोएव्हर" छापाच्या दोन ओळींच्या पत्रावर स्पॉन्सर अनुभव मोजत नाही.

आय-९०१ ची फी ट्रेनीला २२० डॉलर. ती ऑनलाइन भरताना कार्ड नाकारलं जातं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: आपल्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करा, मर्यादा वाढवा, मग भरा. पावतीची प्रिंट हवी. व्हिसाची फी वेगळी, १८५ डॉलर, ती रुपयांत.

डीएस-१६० भरताना:

स्थळ मुंबई निवडा. पहिल्याच पानावर मिळणारा ॲप्लिकेशन आयडी लिहून ठेवा, कारण २० मिनिटं हात लावला नाही तर सत्र बंद पडतं. भारतातल्या दोन ओळखीच्या व्यक्तींची माहिती मागतात, त्यात नातेवाईक चालत नाहीत. कॉलेजचे प्राध्यापक किंवा आताचे शेफ द्या आणि त्यांना तसं सांगून ठेवा. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सगळ्या सोशल मीडिया खात्यांची नावं द्यावी लागतात, बंद केलेलं खातंही. जून २०२५ पासून एफ, एम (विद्यार्थ्यांचे) आणि जे व्हिसावाल्यांना खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी ती सेटिंग बदला. फोटो चौकोनी, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याशिवाय, सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओत "पासपोर्ट साइझ" म्हणालात तर ३५ बाय ४५ मिलिमीटरचा हातात पडेल. "यूएस व्हिसा, दोन बाय दोन इंच" असं सांगा.

फॉर्म सबमिट केल्यावर चूक दिसून नवा भरला तर अपॉइंटमेंटमधला डीएस-१६० क्रमांकही बदलावा लागतो. दोन्ही जुळले नाहीत तर दारातून परत पाठवतात.

मुंबईत दोन वेगळ्या भेटी असतात: आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. कॉन्सुलेट बीकेसीत आहे. मोबाइल, स्मार्टवॉच, बॅग काहीच आत नेता येत नाही, म्हणून घरचं कुणीतरी बाहेर थांबेल असं बघा. मेट्रो ३ गिरगावपर्यंत आल्यापासून तिथून बीकेसी स्टेशनला जाणं सोपं आहे. रस्त्यानं जायचं तर सकाळची कलानगरची कोंडी धरून निघा. पारदर्शक फोल्डरमध्ये पासपोर्ट, डीएस-१६० ची बारकोडवाली पावती, अपॉइंटमेंटचं पत्र, स्वतः सही केलेला डीएस-२०१९, सह्या असलेला डीएस-७००२, आय-९०१ पावती, ऑफर, अनुभवपत्र, मार्कशीट. डीएस-२०१९ हल्ली स्पॉन्सर मेलनंही पाठवतात. तो छापून भावानं खाली आपली सही करायची. ती राहून जाते बऱ्याच जणांची.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. "दुसऱ्या टप्प्यात काय शिकणार?", "हे भारतात का नाही शिकता येत?", "परत येऊन काय करणार?" इतकंच विचारतात. उत्तर आराखड्यातलंच हवं, पण पाठ केलेलं नको. "बँक्वेटमध्ये पाचशे जणांचं जेवण आधी ब्लास्ट चिल करून लावायची पद्धत शिकायची आहे, इथल्या हॉटेलात माझा सेक्शन फक्त आ ला कार्ट आहे" असं एक वाक्य फाइलभर कागदांपेक्षा जास्त काम करतं. "अमेरिकेत चांगला पगार मिळतो" म्हटलं की २१४(बी) खाली नकार ठरलेला. या कलमाखाली अर्जदार परत येईल हे त्यानंच पटवायचं असतं. आताच्या हॉटेलकडून "परतल्यावर विचार करू" असं पत्र मिळालं तर सोबत ठेवा, पण आग्रहानं पुढे करू नका.

२२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका. एखादा कागद किंवा तपासणी बाकी आहे एवढाच तिचा अर्थ. चिठ्ठीवर जे मागितलंय तेवढंच पाठवा.

मुलाखतीत विल्बरफोर्स पुस्तिका वाचली का असंही विचारू शकतात. परदेशी कामगारांच्या आणि प्रशिक्षणार्थींच्या हक्कांची ती पुस्तिका आहे, कॉन्सुलेटच्या संकेतस्थळावर मिळते. खरोखर वाचून जा, तिकडे उपयोगी पडते.

---

हिशेबनीस_ठाणे

साडेतीन लाखांबद्दल. या व्हिसाला पोलीस क्लिअरन्स लागत नाही, मेडिकल तपासणीही सहसा नाही. या दोन ओळी बिलात असतील तर बाकीच्या ओळीही नीट तपासा. सरकारी खर्च वर आलाच आहे: २२० अधिक १८५ डॉलर. मोठा खर्च स्पॉन्सरच्या फीचा आणि विम्याचा. स्पॉन्सरच्या फीचा तक्ता थेट स्पॉन्सरकडून मेलवर मागवा आणि कन्सल्टंटच्या आकड्याशेजारी ठेवा. उरलेला फरक म्हणजे कन्सल्टंटची सेवा. ती कशासाठी हे लेखी घ्या. होस्ट आधीच मिळालेला असताना "प्लेसमेंट"चे पैसे द्यायचं कारण नाही. थेट स्पॉन्सरकडे अर्ज करता येतो का तेही विचारा, बरेच स्पॉन्सर घेतात.

विम्याची किमान पातळी ठरलेली आहे: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणानं हलवण्यासाठी ५०,०००, पार्थिव परत आणण्यासाठी २५,०००, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम एका घटनेला ५०० पेक्षा जास्त नको. इथली स्वस्त ट्रॅव्हल पॉलिसी घेण्याआधी या चार आकड्यांशी ताडून बघा. बऱ्याचदा विमा स्पॉन्सरच्या फीतच असतो आणि लोक दुसऱ्यांदा घेतात.

मानधनाचा आकडा डीएस-७००२ मध्ये असतो. तो आणि ऑफर लेटरमधला आकडा एकच हवा. फ्लोरिडात किमान वेतन ताशी १४ डॉलर आहे, ३० सप्टेंबर २०२६ पासून १५. राहण्याचे पैसे पगारातून कापणार असतील तर आठवड्याला किती, एका खोलीत किती जण, हे आत्ता लेखी मागा. तासाचा दर चांगला दिसतो आणि घरभाड्यात जातो, हा घोटाळा नेहमीचा.

---

माटुंगा_पूर्व

तिकडे पोचल्यानंतरचं थोडं, कारण हे कुणी आधी सांगत नाही.

डीएस-२०१९ वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत देशात शिरता येतं, त्याच्या आधी नाही. विमानात हा कागद हातातल्या बॅगेत ठेवायचा. उतरल्यावर पहिलं काम: आय-९४ (देशात शिरल्याची सरकारी नोंद) ऑनलाइन उघडून त्यावर जे-१ आणि "डी/एस" (कार्यक्रम चालू असेपर्यंत राहता येतं अशी खूण) आहे का बघणं. मग स्पॉन्सरला पत्ता आणि पोचल्याचं कळवायचं. स्पॉन्सरनं सेव्हिसमध्ये नोंद सक्रिय केल्यावरच सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करायचा. आधी गेलं तर नोंद सापडत नाही आणि अर्ज रखडतो.

पगाराच्या पहिल्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के कापलेत का ते भावानं बघावं. पहिल्यांदाच जे-१ वर गेलेल्या ट्रेनीला या दोन्हींतून सूट आहे, पण रिसॉर्टचा पेरोल विभाग सवयीनं कापतो. लगेच सांगितलं तर पुढच्याच पगारात परत मिळतं, वर्ष संपल्यावर मात्र फॉर्म भरत बसावं लागतं. केंद्राचा आयकर लागतो, फ्लोरिडाचा राज्य आयकर नाही. पुढच्या १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर हा परदेशी लोकांचा आयकर फॉर्म आणि सोबत फॉर्म ८८४३ भरायचा, तोपर्यंत भाऊ परत आला असला तरी.

दुसरीकडे कुठेही काम नाही, रविवारी ओळखीच्या रेस्टॉरंटमध्येसुद्धा नाही. होस्टनं आराखडा सोडून सलग एकाच स्टेशनला उभं केलं तर ते शेफशी भांडून सुटत नाही. स्पॉन्सरला लेखी कळवायचं, डीएस-७००२ च्या टप्प्याची तारीख देऊन. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या कार्यक्रमात मध्यावर आणि शेवटी अशी दोन मूल्यमापनं असतात, दोघांच्या सह्यांची. मधल्या मूल्यमापनात न फिरवल्याची नोंद करायला संकोचू नये. ती जागा त्यासाठीच आहे.

कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस फिरायला मिळतात, काम करायला नाही. परतीचं तिकीट त्या ३० दिवसांच्या आतलं.

---

पल्लवी_गिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्सल्टंटकडे स्पॉन्सरचं नाव लेखी मागितलंय. एचआरला पत्राचा मसुदा गेला. शेफनं चार टप्प्यांचा आराखडा मान्य केलाय, पण बँक्वेटच्या जागी पेस्ट्री सुचवली आहे. चालेल ना?

---

फोडणी_आणि_फॉन्ड

चालेल, तीनपेक्षा जास्त विभाग होतातच. फक्त पेस्ट्रीच्या पर्यवेक्षकाचं नाव वेगळं हवं, हॉट किचनच्याच शेफचं नको. आणि लॅमिनेशन, टेम्परिंग, प्लेटेड डेझर्ट असं नेमकं लिहून घ्या. "बेकरीत मदत" असं लिहिलं की स्पॉन्सर परत पाठवेल.